मैसोलस कुठं वाहते?

ज्या नदीच्या शोधात मला पाठवलं ती नेमकी कोणती, हे पाठवणाऱ्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

मी पुण्याच्या एका नकाशांच्या कचेरीत ट्रेसर होते. मूळ नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि शाईनं रेघा गिरवायच्या, हे माझं काम. बारा वर्षांत महाराष्ट्रातली जवळजवळ प्रत्येक नदी माझ्या पेनाखालून गेली होती. डोळ्यांनी पाहिलेल्या म्हणाल, तर आमच्या दापोलीकडच्या दोन खाड्या आणि पुण्याची मुठा, एवढंच.

लातूर तेव्हा उस्मानाबादेतून वेगळं निघून नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याला नवा नकाशा हवा होता. साहेबांना इतिहासाचा नाद. नकाशासोबतच्या पुस्तिकेत प्राचीन काळचंही एक पान असावं, असं त्यांच्या मनात आलं. युरोपात कधीकाळी छापलेल्या एका नकाशाची प्रत त्यांनी मिळवली होती. सगळी नावं लॅटिन. हिंदुस्थानचा आकार चेपलेल्या तपेल्यासारखा. दख्खनच्या मध्यातून एक नदी निघून पूर्वेच्या समुद्राला मिळत होती आणि तिच्या अंगावर लिहिलं होतं, मैसोलस फ्लूवियस.

"फ्लूवियस म्हणजे नदी," साहेब म्हणाले. "पण मैसोलस कोण? कुणी गोदावरी म्हणतं, कुणी कृष्णा. माझा कौल गोदावरीला. आणि हे उगमाकडचं टोक म्हणजे आपली मांजरा असावी."

गावोगावच्या ओढ्यानाल्यांची नावं तपासायची आणि मांजरेच्या कडेनं थेट गोदावरीच्या संगमापर्यंत जाऊन यायचं, असं दुहेरी काम होतं. जाणार होता त्या माणसाचा पाय मोडला. बाईमाणसाला पाठवावं की नाही, यावर साहेबांनी दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हातात फॉर्मांचा गठ्ठा ठेवला.

लातूर

मे महिना होता आणि सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसलेला. गावात जिकडेतिकडे पाट्या नव्यानं रंगवणं चाललं होतं. 'जिल्हा' हा शब्द बसवण्यासाठी जुनी अक्षरं दाटीवाटीनं सरकवली होती. लोक पत्ता सांगतानासुद्धा तो शब्द जरा ठासून म्हणत. लॉजच्या मालकानं खोली दाखवली, बादली दाखवली आणि म्हणाला, "बाई, बादली एकच हाय. अंघोळीचं पाणी फेकू नका, संडासला लागंल." आमच्याकडे जूनमध्ये पाणी घरात येऊ नये म्हणून उंबऱ्याला पोती लावतात. मी गुमान मान हलवली.

जीपचे ड्रायव्हर खाजाभाई पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. मांजरा बघायची म्हणताच हसले. "नदी कशाला म्हणता मॅडम, रेती बघायची म्हणा. चला, दाखवतो."

खरंच रेती होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. ही नदी मी केसाएवढ्या रेघेनं कितीदा तरी काढली होती. ती रेघ ओलांडताना आता माझ्या चपला भाजत होत्या, मधे दोनदा थांबावं लागलं. पलीकडचा काठ दोन पुरुष उंचीचा, सरळ कापलेला. त्यात थरावर थर : काळी माती, पिवळी माती, गोट्यांचा पट्टा, शिंपल्यांचा चुरा, पुन्हा माती. खाजाभाईंनी गोट्यांच्या थरावर हात ठेवला. "हे सगळं हिनंच आणून टाकलेलं. कधी, ते अल्लाला ठाऊक."

मी मनाशी हिशेब लावू लागले. तो लॅटिन नकाशा ज्या ग्रीक भूगोलकाराच्या माहितीवर बेतला, तो सतराअठराशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या काळचा थर असलाच तर वरच्या वीतभरात कुठंतरी असेल. खाली दोन पुरुष माती उरत होती आणि तेव्हा या नदीला नाव द्यायला माणूस होता की नाही, कोण जाणे.

रेणापूरच्या पुढे

रेणापूर मागे टाकून सातआठ मैलांवरच्या एका गावात गेलो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पोलिस पाटील साठीचे गृहस्थ. त्यांनी ओसरीवर सतरंजी घातली, येसराची झणझणीत आमटी आणि कडक भाकरी वाढायला लावली आणि फॉर्म पुढे ओढला. फॉर्मावर तीन रकाने होते : जुन्या नकाशातलं नाव, हल्लीचं नाव आणि पाटलाची सही. टेकडी, तळं, पांद, सगळं भराभर झालं. शेवटी गावाच्या खालच्या अंगाचा ओढा आला.

त्या ओढ्याला जुन्या नकाशात एका जातीचं नाव होतं. ते मी इथं पुन्हा उतरवत नाही.

"हाय तेच राहू द्या," पाटील म्हणाले.

खाजाभाई दारातून सहज बोलले, "पण लोक तर सखूचा ओढा म्हणतात ना? मी वाट विचारली तेव्हा तसंच सांगितलं."

पाटलांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "लोक कायबी म्हंतेत. सरकारी कागदात जे हाय ते हाय." त्यांनी पेन उचललं. मी मात्र फॉर्म काढून घेतला. ओढा पाहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही, असा नियम आहे, मी म्हणाले. असा नियम नव्हता.

ओढ्यात

ओढ्याच्या वाळूत कमरेइतका खोल खड्डा होता. त्याला तिकडे झिरा म्हणतात. वाळूखालचं पाणी पाझरून तळाशी गोळा होतं. वर तीसेक बायका घागरी घेऊन रांगेत आणि खाली एक म्हातारी, हातात वाटी. पाझर वाटीपुरता जमला की ती भरायची, घागरीत ओतायची, परत थांबायचं. तिच्या अंगात घाई कसली ती नव्हतीच. रांगेतही कुणी भांडत नव्हतं.

ती सखूबाई. काठावर बाभळीखाली तिचे यजमान बसले होते, किसनबापू. बापूंचा आवाज बारीक पण शब्द नेमके. रांगेचा नंबर तेच पुकारत होते.

"काय लिव्हायलाव, बाई?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते उठून जवळ आले. "मंग आमचं बी लिव्हून घ्या. छप्पन साली आमी धर्म बदलला, नावं बदलली, पोरांना शाळंत घातलं. तुमच्या कागदातला हा वढा तेवढा मागंच राहिला."

मग झिऱ्याची हकीकत बापूंनी सांगितली. बहात्तरच्या दुष्काळात दोघं दिवसभर खडी फोडायला जात. गावच्या विहिरीचं पाणी आटत आलं, तसं वस्तीतल्या लोकांना तिथून परतवू लागले. सखूबाईंना एका सकाळी ओढ्यात टिटवी दिसली. एकाच जागी चोच मारत होती. त्या जागेची वाळू हातात घेतली तर गार लागली.

"सारे हसले मला," खड्ड्यातून सखूबाई म्हणाल्या. "हेबी हसले."

"हसलो, हाव," बापू म्हणाले. "तीन दिस ही एकटी उकरत व्हती. चौथ्या दिशी मी फावडं घेतलं. सांजंला पाणी आलं. त्या साली आमची समदी वस्ती ह्याच्यावर जगली. आन आता बघा."

मी रांगेकडे पाहिलं. ही सगळी वस्तीतली मंडळी नव्हती. वरच्या आळीच्या बायका होत्या, देवळाजवळच्या होत्या आणि मधोमध, डोक्यावर पदर घेऊन, मघाशी मला आमटी वाढणाऱ्या पाटलीणबाईही होत्या.

सखूबाईंनी वाटी वर केली. "घ्या. तोंड सुकलंय तुमचं."

एक गोष्ट सांगून टाकते. आमच्या घरी परसदारी एक कानतुटका कप खुंटीला टांगलेला असे. तो कुणासाठी आहे, हे लहानपणी मी कधी विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. मी वाटी घेतली आणि प्याले. पाणी गार होतं, वाळूचा किंचित वास होता. रांगेतल्या तीस बायकांच्या पाळीतून ती वाटी माझ्याकडे आली होती. इतकं महाग पाणी मी आयुष्यात प्यालेले नाही.

बापूंना माझ्या पिशवीतला लॅटिन नकाशा पाहायचा होता. मी तो वाळूवर पसरून चार कोपऱ्यांवर गोटे ठेवले.

"ही म्हंजे आपली मांजरा?"

"असावी. तिला मैसोलस म्हटलंय."

"मै-सो-लस." त्यांनी शब्द चघळून पाहिला. "कुनी ठिवलं हे नाव?"

मी सांगितलं : ग्रीस-रोमकडचे खलाशी व्यापाराला पूर्व किनाऱ्यावर येत. नदी समुद्राला मिळते त्या मुलखातल्या लोकांना त्यांनी विचारलं असेल. त्या मुलखाचंच नाव नदीला चिकटलं असेल. त्यांनी ते परत जाऊन एका पंडिताला सांगितलं, त्यानं ग्रीकमध्ये लिहिलं, पुढे कुणी लॅटिनमध्ये उतरवलं.

बापू बराच वेळ बोटानं नदीची रेघ उलटी, समुद्राकडून डोंगराकडे नेत राहिले. "म्हंजे खाली इचारलं आन वरपर्यंत लिव्हलं. हितं कुनी आलंच न्हाई इचाराया."

"नाही."

"तुमी आलाव," ते म्हणाले.

बारा वर्षं मी नावं गिरवत होते. ती कुणाला विचारून लिहिली असतील, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

सखूबाईंना मात्र हे सगळं पसंत नव्हतं. "माज्या नावाचा वढा? छापून? लेकीच्या सासरी हसतील की मला."

पाटलांची ओसरी, दुसऱ्यांदा

संध्याकाळी पुन्हा ओसरीवर गेले. दहाबारा माणसं जमली होती. मी म्हणाले, हल्लीचं नाव सखूचा ओढा असं लिहायला हवं, सगळं गाव तेच म्हणतं.

"गाव म्हंजे कोन?" पाटलांचा आवाज चढला. "उद्या परतेक जन आपल्या बायकूचं नाव लिव्हाया सांगंल. मी दस्तखत देनार न्हाई."

सहीशिवाय फॉर्म रद्द. मग साहेब जुनंच नाव पुढे चालवणार, हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात आतून पाटलीणबाई आल्या. हातात पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र. माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "घ्या बाई. सखूच्या झिऱ्याचं हाय."

मग दुसरं फुलपात्र भरून त्यांनी ते पाटलांपुढे ठेवलं. "तुमीबी घ्या. दुपारधरनं चार तास हुबी व्हते."

एवढं बोलून त्या आत गेल्या. पाटील त्या फुलपात्राकडे बघत होते. मग त्यांनी ते उचललं, एका दमात प्याले, मिशा पुसल्या आणि हात पुढे केला. "आना हिकडं. काय लिव्हायचं ते लिव्हा."

सही वाकडी आली. पण आली.

अहमदपूर, लोहा, नांदेड

बापू आणि सखूबाईंची धाकटी लेक कुंडलवाडीला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. दोघांची तिच्याशी आणि नातवंडांशी दोन वर्षांत गाठ पडली नव्हती. संगम तिथंच जवळ, त्यामुळे दोघं आमच्या जीपमध्ये बसली. झिऱ्याचा जिम्मा पाटलीणबाईंनी घेतला. सखूबाई निघताना त्यांच्या हातात वाटी देऊन तीनतीनदा बजावत होत्या, "गडबड करू नका. गढूळ हुतंय."

सखूबाईंच्या मांडीवर कापडानं तोंड बांधलेली कळशी होती. लेकीसाठी झिऱ्याचं पाणी. अहमदपूरच्या स्टँडसमोर चहाभजी घेतानाही त्यांनी ती खाली ठेवली नाही.

लोह्याच्या अलीकडे जीपनं वाफ सोडली. रेडिएटर कोरडा. खाजाभाईंचा डबा रिकामा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, भेगा इतक्या की त्यात माझी छत्री अर्धी गेली. अर्धा तास वाट पाहिली, वाहन आलं नाही. कुणीच कळशीकडे बघत नव्हतं. खाजाभाई तर पाठ करून उभे होते.

सखूबाईंनी स्वतःच फडकं सोडलं. "किती लागंल?"

"राहू द्या अम्मा, कुणीतरी येईल."

"किती लागंल म्हंते मी."

चार तांबे लागले. प्रत्येक तांब्याला त्या वाकून कळशीत बघत. चौथा ओतून झाल्यावर खाजाभाईंनी दोन्ही हात जोडले. त्या म्हणाल्या, "गाडीबी तान्हेलीच हाय की."

नांदेडला पुलावर जीप थांबवली. गोदावरी आकसली होती, खडक उघडे पडले होते, तरी मधून पाणी वाहत होतं. रुंद, सावकाश, उन्हात चमकणारं. म्हशी डुंबत होत्या, पोरं उड्या मारत होती. सखूबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं हात जोडतील. त्या नुसत्या बघत राहिल्या आणि शेवटी इतकंच म्हणाल्या, "एवढं पानी. आन कुनी वाटी घिऊन बसलं न्हाई."

दुपारी गुरुद्वाऱ्यात जेवलो. लांबच लांब पंगत, कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. बापूंच्या एका बाजूला कुणी पंजाबी म्हातारा, दुसऱ्या बाजूला खाजाभाई. वाढणाऱ्यानं रोटी पुढे केली की ती दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची असते. बापूंनी बाकीच्यांचं बघून ओंजळ केली. रोटी हातात पडल्यावर त्यांनी ती लगेच खाल्ली नाही. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि मग घास मोडला.

संगम

कुंडलवाडीला लेकीनं दारातच आईला मिठी मारली आणि कळशी अर्धी का, म्हणून विचारलं. उत्तर ऐकून ती इतकी हसली की तिची मुलं घाबरली. रात्री हुलग्याचं माडगं आणि धपाटे खाल्ले. इकडच्या बोलण्यात तेलुगू शब्द असे बेमालूम येतात की मी प्रत्येक वाक्याला खाजाभाईंकडे बघत होते.

सकाळी सगळे मिळून संगमावर गेलो. मांजरा इथवर येताना किती मुलूख फिरून येते! बीडच्या डोंगरात निघते, लातूर भिजवते, बिदरकडे वळते, तेलुगू मुलखातून उलटी वर येते आणि मग गोदावरीला मिळते. मी हे वळण इतक्यांदा काढलं होतं की हाताला पाठ होतं. पण त्या जागी उभं राहिल्यावर मला ते ओळखू येईना. डावीकडून एक वाळूचं मैदान येत होतं, समोरून दुसरं. दोन्ही मिळून जे पुढे जात होतं, त्याला पलीकडचा काठ जवळजवळ नव्हताच. उन्हाच्या झळांत झाडं जमिनीपासून सुटून तरंगत होती. पाणी फक्त मधे, निळी दोरी टाकल्यासारखं. आभाळ असं रिकामं मी समुद्रावरही पाहिलेलं नाही.

पाण्याच्या कडेला एक कोळी जाळं झटकत होता. बापू त्याच्याजवळ गेले. लेकीनं दुभाषी व्हायचं काम केलं.

"हिचं नाव काय?" बापूंनी पुढच्या प्रवाहाकडे बोट करून विचारलं.

कोळ्यानं बापूंना नीट न्याहाळलं. असं कोण विचारतं? "गंगा," तो म्हणाला.

"गोदावरी न्हाई?"

"ते पुस्तकात. आम्ही गंगा म्हणतो."

"आन मैसोलस?"

लेकीनं तो शब्द दोनदा उच्चारून दाखवला. कोळ्यानं बराच विचार केला, मान हलवली आणि काहीतरी बोलला. लेक हसू दाबत म्हणाली, "म्हणतो, त्या नावाचं इकडं कुणी राहत न्हाई. पलीकडच्या गावात इचारा."

बापू खदखदून हसले. मग वाळूत बसले. मी त्यांच्याशेजारी बसले. इथून ती निघाली की समुद्रापर्यंत किती तोंडांतून जात असेल आणि दर तोंडात तिचं नाव जरा जरा बदलत असेल. अखेर किनाऱ्यावरच्या कुणीतरी परक्या खलाशाला जे सांगितलं, तेवढंच कागदावर उरलं. मला साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नव्हतं. त्याची चुटपुटही वाटत नव्हती.

परत आल्यावर

अहवालात मी लिहिलं : मैसोलस हे नाव मुखाकडून आलेलं दिसतं, वरच्या अंगाला कुणाच्या स्मरणात नाही. साहेबांनी ते पान छापलं आणि नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. हा त्यांचा मोठेपणा.

ओढ्याच्या नावाला त्यांनी भुवया उंचावल्या, पण पाटलाची सही होती. नव्या जिल्ह्याचा नकाशा निघाला, त्यात अगदी बारीक ठशात 'सखूचा ओढा' आलं. मी एक प्रत गुंडाळून कुंडलवाडीला लेकीच्या पत्त्यावर पाठवली.

महिन्याभरानं तिचं उत्तर आलं. सुट्टीत ती नकाशा घेऊन माहेरी गेली होती. बापूंनी तो भिंतीला लावला होता, पाटीलही येऊन पाहून गेले. शेवटी लिहिलं होतं : "आईला वाचता येत नाही. तिचं नाव कुठं आहे ते मी बोट धरून दाखवलं. ती म्हणाली, मांजरा निळी आणि माझा ओढा काळा कसा? मी सांगितलं, ज्यात पावसाळा सोडून एरवी पाणी नसतं तो काळ्या शाईनं काढतात. ती म्हणाली, बाईंना विचार, त्यात पाणी नाही असं त्यांना कुणी सांगितलं?"

ती काळी रेघ मीच काढली होती. नियम तसाच आहे.

पत्र घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, नकाशावर वाकून ती बारीक रेघ शोधली.

"वाळूच आहे ना तिथं?" ते म्हणाले. "खरंच पाणी असतं?"

"असतं," मी म्हणाले. "मी प्यालेय."